‘स्वतः केली’चा रकाना

"हिच्या हातात ब्लेड देऊ नका रे. पेशंटला घरी जायचंय."

सर हे बोलले तेव्हा पेशंट जागी होती. सिझेरियनला कमरेखालचं तेवढं बधिर करतात, कान उघडेच असतात. बाई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. भूलतज्ज्ञ हसले. सिस्टर हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

सर माझे गाईड. धुळ्यात मी स्त्रीरोगाची एम.एस. करतेय, तिसरं वर्ष. साक्रीकडची, भिल्लाची पोर. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर माझी रँक विचारली आणि म्हणाले, "अच्छा, म्हणजे ते." तेव्हापासून माझ्या वाट्याला रिट्रॅक्टर. पोट उघडं धरून ठेवायचा आकडा. सोबतच्या पोरांनी ढिगानं सिझेरियन केली. मी आकडा धरला. आमच्याकडच्या बायका आल्या की त्यांची बोली समजून सांगायला मात्र मला हाक. तेवढ्यापुरती मी हुशार.

परीक्षा जवळ आली. आमच्या लॉगबुकात तीन रकाने असतात: पाहिली, मदत केली, स्वतः केली. माझा तिसरा कोरा. तो घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"कोरा कशाला ठेवलास? भर. चाळीस लिही, सही करून टाकतो. तुम्हाला तर सगळं असंच मिळतं ना?"

आणि मी म्हणाले, "थँक यू, सर."

बाहेर बाकावर बसून लिहायला लागले. सात ओळी लिहिल्या. पेशंट खरी, ऑपरेशन खरं, करणारी खोटी. तेवढ्यात शेजारी एक म्हातारी येऊन बसली. तिच्या पोरीला सिझेरियनसाठी आत घेणार होते. सकाळी वॉर्डात माझी बोली ऐकून तिनं मला हेरून ठेवलं होतं.

"माय, तूच कर वं मन्ही पोरनं ऑपरेशन. तू आमनी शे."

मला घाम फुटला. सरांची भीती रोजचीच. ही वेगळी होती. काही महिन्यांनी मी कुठल्यातरी ग्रामीण रुग्णालयात एकटी असेन. अशीच कुणाची पोर टेबलावर. रक्त थांबत नाही, धुळं दोन तास लांब, आणि भिंतीवर माझी डिग्री. बाई जाईल. मग सगळे म्हणतील, बघा, कोट्यातली! ज्यांनी शिकवलंच नाही, त्यांचं नावही निघणार नाही.

"अक्का, माले अजून येत नही," मी म्हणाले. इतकं खरं मी त्या इमारतीत कधी बोलले नव्हते.

साती ओळींवर काट मारली आणि परत केबिनमध्ये गेले.  लॉगबुक टेबलावर उघडून ठेवलं.

"सर, ही मी केलेली नाहीत. खोटी सही नको. मला शिकवा."

"परीक्षेला बसायचंय ना?"

"बसायचंय. शिकून."

"जा बाहेर."

त्याच दुपारी विभागप्रमुखांच्या नावानं अर्ज दिला. तीन वर्षांत मला काय काय करू दिलं नाही, सगळं लिहिलं. क्लार्कभाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" मी पोच मागून घेतली.

लॉगबुकावर सरांची सही अजून झालेली नाही.  नापास करतील, वर्ष घालवतील. घालवू देत. उत्तर येईपर्यंत दर सोमवारी नवा अर्ज जाईल. शिकल्याशिवाय मी हे कॉलेज सोडणार नाही. आणि खोट्या कागदाच्या जोरावर एकाही बाईच्या पोटाला ब्लेड लावणार नाही.