एलिएसेरला ती पोरगी ‘तू’ म्हणाली

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा एलिएसेर सेली हा कोलंबियातल्या दुइतामा गावचा पाववाला. माणूस इतका मवाळ की पाव करपला तरी तो पावाचीच समजूत काढेल. बहीण गेली तेव्हा त्यानं दुसरं लग्न केलं नाही, दारूही वाढवली नाही. फक्त एक हट्ट धरला, की लेकीनं, अनायिबेनं, डॉक्टर व्हायचं. पोरगी तेव्हा बारा वर्षांची. त्या दिवसापासून तिला भट्टीच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी. पीठ एकदा हाताला लागलं की जन्मभर सुटत नाही, असं तो म्हणायचा.

आता ती सतराची झाली, आणि बापलेक विद्यापीठं बघायला माझ्याकडे ब्वेनोस आयरेसला आले. इथं फी नाही, त्यामुळे आमच्या कोलंबियातली पोरं इथं खोऱ्यानं सापडतात. शिवाय हक्काची मावशी. मी बावीस वर्षं इथं बायकांचे केस कापते. दुकानामागच्या खोलीत पोरगी राहील, असं त्यानं ठरवलं आणि मी हो म्हटलं. अनायिबेला कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

पहिला धक्का विमानतळावरच बसला. टॅक्सीवाल्यानं विचारलं, “कुठं जायचंय तुला?”

एलिएसेरनं मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

“नूबिया, हा मला ओळखतो का?” त्यानं माझ्या कानात विचारलं.

“नाही.”

“मग एका गोठ्यात वाढल्यासारखा काय बोलतोय?”

“इथं सगळे सगळ्यांना ‘तू’ म्हणतात. मंत्र्यालासुद्धा.”

“आणि मंत्री ऐकून घेतो?”

आमच्या डोंगरात बाप लेकीला आणि लेक बापाला ‘तू’ऐवजी ‘सुमेर्से’ म्हणते. त्यात माया असते आणि मानही. नवरा-बायकोचं भांडणसुद्धा सुमेर्से म्हणतच होतं, एवढं ते अंगात मुरलंय. त्या माणसाला इथं वेटर ‘तू’, पाद्री ‘तू’, बागेतलं शेंबडं पोरही ‘तू’. दर वेळी तो चिमटा काढल्यासारखा दचकायचा. चार जणांना एकाच नळीनं कडू चहा ओढताना बघून त्याचे डोळे पांढरे झाले. ला बोका भागातल्या रस्त्यावर टँगोवालीनं फोटोसाठी पाय उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, तेव्हा त्यानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. अनायिबे पोट धरून हसली. आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

वैद्यकीय कॉलेजात मात्र तो हरखला. जिन्याला हात लावून बघितला, पाट्यांचे फोटो काढले. “सुमेर्से, बघा, इथून चालत जाल तुम्ही,” तो लेकीला सांगत होता. लेक दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी उभी. मला ते दिसत होतं. पण बापाच्या तोंडावरचा आनंद मोडायचा कुणी?

गुरुवारी मी म्हटलं, पुरे झाले दवाखाने, आता फिरू. आगगाडीनं जवळच्या ला प्लाता शहरात गेलो. तिथल्या विद्यापीठाचं हाडांचं मोठं संग्रहालय आहे, घराएवढ्या जनावरांचे सांगाडे. एलिएसेरनं टोपी काढली ती पुन्हा घातलीच नाही. अनायिबे दोनदा म्हणाली, “पपा, भूक लागली.” त्याला ऐकूच गेलं नाही.

बाहेरच्या दालनात विद्यापीठाची पोरं टेबल टाकून नव्यांना माहिती देत होती. एक गुलाबी केसांची पोरगी, हातात तोच कडू चहा. तिनं अनायिबेला पत्रक दिलं, मग मान वर करून तिच्या बापाकडे बघितलं.

“आणि तू? तुला काय शिकायचंय?”

मला वाटलं, आता हा चिडणार. नाहीतर मागं वळून बघणार.

“दगड,” एलिएसेर म्हणाला. “दगडातली हाडं. आमच्या आजोबांच्या रानात नांगराला शिंपले लागायचे. दगडाचे शिंपले. समुद्र तिथून कुठच्या कुठं. तर तिथं समुद्र कसा आला होता, ते मला शिकायचंय.”

मी त्याला पंचवीस वर्षं ओळखते. आजोबांचं रान मला माहीत होतं, शिंपल्यांचं कधी ऐकलं नव्हतं.

गुलाबी केसांची पोरगी मात्र जराही दचकली नाही. “मस्त,” ती म्हणाली. “वयाची अट नाही. शाळा पूर्ण केलीयस ना?”

“पाचवीपर्यंत.”

“मग आधी ती कर आणि ये.” असं म्हणून तिनं चहा त्याच्यापुढे केला. आणि त्या माणसानं तिच्या उष्ट्या नळीनं तो ओढला.

परतीच्या गाडीत तो चोरी पकडल्यासारखा बसला होता. “तोंडातून निघून गेलं,” तो मला म्हणाला. “सुमेर्से, दोन पाव द्या. सुमेर्से, आज उशीर झाला. लोक मला एवढंच म्हणतात, नूबिया. मला काय हवंय, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.”

अनायिबे त्याच्याकडे वळली. “म्हणजे तुला जायचं होतं,” ती म्हणाली, “आणि तू तुझ्या जागी मला पाठवत होतास.”

तिनं बापाला ‘तू’ म्हटलं. आमच्या घरी असं बोलल्यावर माझ्या आईनं तोंड फोडलं असतं. शेजारची बाई शांतपणे वेफर्स खात होती. तिच्या लेखी काहीच घडलं नव्हतं.

एलिएसेरनं हात उचलला नाही.

“होय,” तो म्हणाला. “तसंच झालं.” मग त्यानं न सरावलेल्या जिभेनं, अडखळत विचारलं, “मग... तुला काय शिकायचंय?”

“पाव.”

“पावात काय शिकायचंय?”

“पाच वर्षं दाराच्या फटीतून बघतेय, पपा. मला भट्टी हवीय. रक्त बघितलं की मला उलटी होते, हे तरी ठाऊक आहे का सुमेर्सेंना?”

ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. एलिएसेरचं तोंड असं झालं, जणू कुणी त्याची पाच वर्षं खिशातून काढून घेतली. मला दोघांचाही राग आला, आणि त्याहून जास्त माझा. मागची खोली रंगवून घ्यायची घाई मीच केली होती.

“मध्यरात्री उठावं लागतं,” तो म्हणाला. “हात भाजतात.”

“भाजू देत. भट्टी मी बघते. तुम्ही मोठ्यांच्या शनिवारच्या शाळेत नाव घाला.”

“सहावीत?” एलिएसेर म्हणाला. “अख्खं दुइतामा हसेल मला.”

“मलाही हसेल,” अनायिबे म्हणाली. “डॉक्टर व्हायला गेली आणि पाव भाजत बसली म्हणून.”