शालूवरचा केस

आमच्या साडीच्या दुकानात शालूच्या काउंटरला एक ताई बसायच्या. वयाने माझ्या आईएवढ्या. अमरावतीत मला खोली त्यांनी पाहून दिली, शालूची घडी न मोडता उलगडायला त्यांनीच शिकवलं, आणि आज माझ्या डोक्यावर जे केस आहेत तेही त्यांच्यामुळेच. हे आधी सांगून टाकते. कारण पुढे जे सांगायचं आहे, त्यात मी चांगली दिसत नाही.

माझं गाव धारणीच्याही पुढे. आठवीत शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी दुकानात लागले आणि दोन वर्षांत माझा भांग रुंद व्हायला लागला. आमचं काम गादीवर बसून, मान खाली घालून साड्या उलगडायचं. वरून ट्यूबलाइटचा उजेड. गिऱ्हाइकाला साडीच्या आधी माझा भांग दिसायचा. मी काजळ बोटावर घेऊन भांगात चोळायची. घाम आला की ते कपाळावर उतरायचं.

ताईंनी ते पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत मला मागच्या गोदामात नेलं, दार लोटलं आणि डोक्यातल्या पिना काढल्या. त्यांचा तो मोठा अंबाडा अख्खा हातात आला. गंगावन होतं. खाली त्यांची स्वतःची वेणी करंगळीएवढी.

"पाह्यलं? मी नुसती तेलं बदलत बसली. डॉक्टरकडे गेली तवा लय उशीर झाला होता. तू लाजत बसू नको. आन हे कोनाले सांगजो नको व माय."

"नाही सांगत," मी म्हणाले.

अमरावतीत दवाखान्यात कोणी ओळखीचं भेटेल, म्हणून मी तिथे जायला तयार नव्हते. मग दुकानाच्या सुट्टीला ताई मला एसटीने अकोल्याला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी भांग पाहिला आणि एक बाटली लिहून दिली. त्यात थेंब मोजायची नळी. रोज कोरड्या डोक्यावर, भांगातच लावायचं, तेलासारखं चोळायचं नाही. सुरुवातीचे काही आठवडे केस जास्त गळतील, घाबरून बंद करू नका, असंही त्या म्हणाल्या. मी मान हलवत होते, पण लक्ष दाराकडे होतं, बाहेर कोणी बसलंय का म्हणून. ताईंनी परतताना एसटीत पुन्हा सांगितलं, "पयले गयतीन, मंग येतीन. ध्यानात ठेवजो."

बाटली मी तांदळाच्या डब्यात लपवली. तिसऱ्या आठवड्यात केस मुठीने यायला लागले. उशीवर, बादलीत, पोळीच्या पिठात. मी ताईंकडे रडत गेले.

"सांगतलं होतं व डॉक्टरनीनं. लावत राय."

त्या क्षणी माझ्या मनात आलं, की या बाईला मला तिच्यासारखं करायचं आहे. लिहितानाही हात थांबतो, पण आलं होतं.

त्याच आठवड्यात मोझरीकडचे लोक बस्ता बांधायला आले. नवरीची आई, आत्या, बारा-पंधरा बाया. मोतिया रंगाचा शालू त्यांच्या मनात बसला. ताई पदर खांद्यावर घेऊन दाखवत होत्या आणि आत्या ओणव्या होऊन काठ पाहत होत्या.

"अवो बाई! केस हाय हा! लग्नाच्या शालूवर केस?"

लांब, काळा केस त्यांनी चिमटीत वर धरला. नवरीच्या आईने हात मागे घेतला. "उठा व, दुसरीकडे पाहू. अपशकुन झाला हा."

शेठ गल्ल्यावरून धावत आले. "किसका बाल है? शालू कोणी उलगडला?"

मी उलगडला होता. काम गेलं तर परत गावाकडे धारणीची जीप, आणि पुढे काय? तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते हे.

"ताईंनी मले कोनतं तरी औषध लावाले लावलं, त्यानं माये केस गयून राहिले. ह्यायच्या सोताच्या डोक्यावर तरी कुठी हायेत केस? गंगावन लावते ह्या!"

ताईंचा हात अंबाड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्या हसल्या. खरंच हसल्या.

"गंगावनच हाय, बाई. त्याचाच असन हा केस. बाजारातून आनलेला. त्याले ना सोयर ना सुतक, तो काय अपशकुन करते?"

आत्यांनाच हसू फुटलं. "हाव ना व! मायाबी अंबाड्यात तेच हाय!"

बाया हसत पुन्हा गादीवर बसल्या. तोच शालू घेतला. बस्ता आमच्याकडेच झाला.

दुसऱ्या दिवशी शेठनी ताईंना मागे फॉल-अस्तराच्या काउंटरला बसवलं. लग्नाच्या गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही म्हणाले. शालूच्या काउंटरला मला बसवलं. पोरी ताईंना 'गंगावन मावशी' म्हणू लागल्या. एकदा मीही हसले. हळू, पण हसले. ताईंनी ते पाहिलं.

त्या दिवशी दुकान बंद करताना त्यांनी मला हाक मारली. वाटलं, आता बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "औषध बंद नाई ना केलं? करू नको."

चौथ्या महिन्यात भांगाच्या कडेला बारीक केस दिसायला लागले. ताईंनी चष्मा लावून माझं डोकं उजेडाकडे वळवलं. "आले व, आले! पाह्य कसे उभे हायेत पोट्टे!" त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला मान वर करवेना. माफी मागायची ती वेळ होती. मी म्हणाले, "हो ताई."

पुढे त्या अकोल्याला मुलाकडे राहायला गेल्या. फोनवर आम्ही बोलतो. त्या विचारतात, मी औषध, पाऊसपाणी, दुकान असं सगळं सांगते आणि फोन ठेवते.

तो केस माझा होता, हे त्यांना तेव्हाच माहीत होतं, मलाही. ताई, हे मी एक दिवस शेठसमोर आणि त्या पोरींसमोर मोठ्याने सांगीन. शालूचं काउंटर गेलं तरी चालेल. आणि मग अकोल्याला येऊन तुमच्यासमोर बसून पुन्हा सांगीन. अजून हिंमत होत नाही. पण सांगीन.