पिरॅमिडवाल्यांच्या भाकऱ्या

इजिप्तला निघाले तेव्हा माझ्या पर्समध्ये पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या आणि इजिप्तवरचं भाषण होतं. हो, भाषण. देश बघायच्या आधीच लिहून ठेवलेलं. एकतीस वर्षं पनवेलच्या शाळेत इतिहास शिकवला, प्राचीन संस्कृतींचा धडा दरवर्षी घेतला, तेव्हा इजिप्त मला तोंडपाठच होतं. परत आल्यावर दुसऱ्याच रविवारी माझ्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. मी फक्त फोटोंसाठी जागा सोडल्या होत्या. पहिलं वाक्य तर इतकं जमून आलं होतं की मी ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं: 'हजारो गुलामांच्या पाठीवरच्या वळांतून पिरॅमिड उभे राहिले.'

सोबत दादूस होता. आम्हा आगऱ्यांत थोरल्या भावाला दादूस म्हणतात. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, सातवीत शाळा सुटलेला, अर्धं आयुष्य मिठागरात आणि भातखाचरात गेलेला. इजिप्तशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. आमच्या यजमानांचे गुडघे बोलायला लागले आणि बहिणीला एकटीला कशी पाठवायची म्हणून हा आला. आमच्या घरात एक जुना विनोद आहे, 'दादूसला शाळा चावायची.' तो बहुतेक वेळा मीच करायचे.

करंजाड्याहून टॅक्सी निघाली. भराव टाकून सपाट केलेल्या जमिनीपाशी आल्यावर दादूसने काच खाली केली आणि नेहमीप्रमाणे हात बाहेर काढला.

"हितं आपली उघाडी व्हती."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडतं, भरतीला मिटून खारं पाणी अडवतं. या रस्त्याने गेलो की हे वाक्य येणारच. मीही नेहमीसारखं त्याकडे दुर्लक्ष करून विचारलं, "दादूस, पासपोर्ट घेतलास ना?"

कैरोच्या विमानतळावर पहिली फजिती झाली. अधिकाऱ्याने दादूसची बॅग उघडायला लावली आणि आतून सुक्या बोंबलांचा वास सगळ्या रांगेभर पसरला. माझ्या नकळत त्याने प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून बोंबील आणले होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अधिकाऱ्याने पिशवीला नाक लावलं, भुवया उंचावल्या आणि हसत म्हणाला, "फिसीख?" मग पिशवी परत बॅगेत टाकून त्याने आम्हाला जायची खूण केली.

फिसीख म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. आमची गाइड नादिया ही पन्नाशीची, ठसठशीत आवाजाची बाई होती. ती इंग्रजीत बोलायची, मी दादूसला मराठीत सांगायचे, आणि दादूस तिच्याशी थेट आगरीत बोलायचा. त्या दोघांचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं. आधी तिने संग्रहालय दाखवलं. मला राजांचे मुखवटे बघायचे होते, पण दादूस लाकडी बाहुल्यांच्या कपाटापाशी रुतून बसला. थडग्यात ठेवलेली चार हजार वर्षांपूर्वीची गावंच ती. कुणी पीठ दळतंय, कुणी जवसाच्या धाग्याचं कापड विणतंय, कुणी होडी वल्हवतंय, एका अंगणात गुरांची मोजणी चालली आहे. मेल्यावरही भाकरी, कापड आणि होडी लागणारच, मग ती करणारी माणसं बरोबर हवीत, असा त्यांचा सरळ हिशेब. नादियाने सांगितलं की राजे दगडात पुरले जायचे, पण राहायचे सगळेच चिखलाच्या विटांच्या घरांत. उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपायचे, कांदा-भाकरी खायचे आणि बाया-पुरुष दोघंही डोळ्यांत काजळ घालायचे.

ममीच्या दालनात दादूसचा एकच प्रश्न होता. "मीठ कोनता वापरला?"

नादियाने नात्रून (वाळवंटातल्या सुकलेल्या तळ्यांतला खार) सांगितलं. आधी पोट साफ करायचं, मग चाळीस दिवस अंग त्या खारात पुरून ठेवायचं.

"आमी बोय मासा खारवतो तसाच," दादूस म्हणाला. "पोट पयला काढावा लागतो. नायतर सडतो."

मी हे भाषांतर करायचं टाळत होते, पण नादियाने मागेच लागून करून घेतलं आणि टाळीच वाजवली. संध्याकाळी ती आम्हाला एका दुकानात घेऊन गेली आणि समोर फिसीख आलं. नाईलची खारवलेली बोय! वसंताच्या सणाला हे लोक अजून ती खातात, ही रीत फार जुन्या काळापासूनची आहे असं मानतात. आपल्या खाडीतली बोय इतक्या लांब भेटल्यावर दादूसचा चेहरा खुलला. त्याने कांद्याच्या पातीबरोबर दोन मासे फस्त केले. मी मानापोटी अर्धा खाल्ला आणि रात्रभर त्याची किंमत मोजली.

त्यामुळे गिझाला पोचले तेव्हा माझं पोट आणि डोकं दोन्ही ठिकाणावर नव्हतं. पण पिरॅमिड समोर आला आणि मी सगळं विसरले. एकेक दगड माझ्या खांद्याला येईल एवढा, आणि असे दगड मान मोडेपर्यंत वर गेलेले. पनवेलच्या फळ्यावर मी खडूने काढायचे तो त्रिकोण फारच केविलवाणा होता. आजूबाजूचे लोक उंची विचारत होते, वजन विचारत होते. दादूस कपाळावर हात धरून पायथ्याकडेच बघत होता.

"बाय, ह्यांना जेवान कोन घालीत व्हता?"

"कुणाला?"

"दगड वडनाऱ्यांना. यवढी मानसं दुपारची जेवली कुटं?"

मी म्हटलं, "दादूस, गुलामांना कोण जेवण वाढतंय? चाबूक मिळायचा." आणि हे वाक्य, आता इतकी तयारीच आहे म्हणून, इंग्रजीत नादियालाही ऐकवलं.

नादिया थांबली. "मॅडम, तुमच्या भावाने विचारलेला प्रश्न इथे रोज यायला हवा. कुणी विचारत नाही. चला."

ती आम्हाला दक्षिणेकडे एका प्रचंड दगडी भिंतीपाशी घेऊन गेली. पलीकडचा भाग पर्यटकांना खुला नाही. तिने कुंपणाबाहेरूनच बोट दाखवून आणि मोबाइलवरचे फोटो दाखवून सांगितलं. इथे कामगारांचं गाव सापडलंय. ओळीने झोपायच्या लांब खोल्या, मासे सुकवायची जागा, गुरांच्या हाडांचे ढीग, आणि भट्ट्या. बादलीएवढ्या मातीच्या साच्यांत पीठ ओतून, निखाऱ्यात ठेवून भाकरी भाजायचे. वर टेकाडावर त्यांची थडगी आहेत, राजाच्या पिरॅमिडच्या शेजारीच. त्यांतल्या सांगाड्यांची मोडलेली हाडं नीट बसवून बरी केलेली दिसतात.

"विकत घेतलेल्या गुलामाला राजाच्या शेजारी कोण पुरेल?" नादिया म्हणाली. "ही गावागावांतून पाळीपाळीने आलेली माणसं होती. राजाला नाही म्हणायची सोय त्यांना नव्हती, तेही खरं."

"आमाला तरी कुटं व्हती?" दादूस म्हणाला. "गाव बोलवतो तवा जावाच लागतो."

मी चिडले. पोटात कळ येत होती आणि समोर एकतीस वर्षं हलत होती. मी नादियाला म्हटलं, "मी आयुष्यभर गुलामांनी बांधले असंच शिकवलंय." ती शांतपणे म्हणाली, "माझ्या शाळेतही हेच शिकवलं होतं." मग तिने आणखी एक फोटो दाखवला. पिरॅमिडच्या आत, कुणी बघणार नाही अशा दगडांवर, टोळ्यांनी लाल रंगात आपली नावं लिहून ठेवली आहेत. एक टोळी 'राजाचे दोस्त'. दुसऱ्या राजाच्या वेळची एक टोळी चक्क 'राजाचे दारुडे'.

हे सांगितल्यावर दादूस एवढ्याने हसला की जवळचा उंट दचकला.

"म्हंजे आपल्यासारकेच! वरल्या आळीचे बगले, खालच्या आळीचे चिंबोरे."

चिंबोरा म्हणजे खेकडा, आणि बगला म्हणजे बगळा. उधाणाने बांध फुटला की गावाच्या दोन आळ्या दोन बाजूंनी माती भरत यायच्या. प्रत्येक घरातून एक माणूस यायचाच. वरची आळी स्वतःला बगळे म्हणवायची आणि खालच्यांना चिंबोरे, कारण बांधाला भोकं पाडतात ते चिंबोरेच. आपला तुकडा पुरा झाला की ओल्या मातीत बगळ्याचा पाय उमटवायचा. हे मी लहानपणी ऐकलं होतं, पण इतिहास म्हणून कधी ऐकलं नव्हतं.

"आनि ज्या घरातून मानूस येनार नाय," दादूस नादियाला सांगत होता, "त्या घरानं बांधावरच्या सगल्यांना भाकऱ्या घालाच्या. दोन-दोन शे. ह्यांच्यात बी तसाच असंल. इचार तिला."

मी विचारायच्या आधीच तो पुढे बोलून गेला, अगदी सहज, त्या भट्टीच्या फोटोकडे बघत.

"मोठा बांध फुटला तवा बाबा पाय मोडून पडलेला. घरातून मानूस नाय म्हंजे भाकऱ्या आपल्यावर. आय येकटी किती थापील? ती बोलली, बायला शालेतून काडू. मी बोललो, बायला नको, मी जातो बांधावर. मी सातवीत, तू तिसरीत. बांध बसाला दोन पावसाले गेले. मंग कुटली शाला."

नादियाने माझ्याकडे पाहिलं. तिला भाषांतर हवं होतं.

मी शाळेत नोकरीला लागले त्या वर्षी घरी हाच धडा मोठ्याने वाचत होते. तेव्हाही दादूसने हाच प्रश्न विचारला होता, ह्यांना जेवान कोन घालीत व्हता. आणि मी, बी.एड. झालेली नवी मास्तरीण, म्हणाले होते, "सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने इतिहासात डोकं घालू नये." तो हसला होता आणि दोरी वळायला निघून गेला होता. मला हे वाक्य अगदी स्पष्ट आठवलं. मला स्वतःची लाज वाटली. त्या भिंतीपाशी, उन्हात, दादूसचा हात धरून मी रडले.

"काय गो झाला? अजून पोट दुकतंय?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

दोन दिवसांनी आम्ही अस्वानला पोचलो. तिथे नाईलच्या मधोमध एक बेट आहे. होडीने गेलो. काठावरून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि कडेच्या भिंतीवर खुणा कोरलेल्या आहेत. पूर कुठवर चढला ते इथे मोजायचे. कमी चढला तर दुष्काळ, जास्त चढला तर बांध फुटणार. त्या खुणेवरून धान्याचा सारा ठरायचा. नादिया सांगत होती की अख्खा इजिप्त या पाण्यातून उभा राहिला. आधी एकेका गावाने बांध घालून पुराचं पाणी आणि गाळ शेतात अडवला. मग वरच्या गावाने किती अडवायचं, खालच्याला कधी सोडायचं, हे ठरवायला म्होरके आले, लिहून ठेवायला कारकून आले, आणि शेवटी वरच्या आणि खालच्या इजिप्तचा मिळून एक राजा आला.

मी हा भाग भाषणात 'नाईलची देणगी' असा दोन शब्दांत गुंडाळला होता. दादूस पायऱ्या उतरून खुणांवर बोट फिरवत होता.

"बरोबर बोलते ती. पानी येकल्यानं आवरत नाय," तो म्हणाला. "आमी पन उघाडीच्या खांबावर खाचा केल्या व्हत्या. तिसऱ्या खाचंला पानी लागला की ढोल वाजवाचा."

मी खालच्या पायरीवर बसून विचारलं, "दादूस, भाकऱ्यांचं मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कंदी इचारलास?"

परतीच्या होडीत मी पर्समधून भाषण काढलं आणि पहिल्या वाक्यावर काट मारली. मग दुसऱ्यावर मारावी लागली, कारण तेही पहिल्यावरच उभं होतं. असं करत चार पानं गेली, आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी नवं भाषण लिहायला घेतलं. दादूस होडीवाल्याला शीड कसं बांधायचं ते शिकवत होता आणि होडीवाला त्याला.

पनवेलला परतल्यावर रविवारी सभागृह भरलं. दादूस इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला. त्याची शाळाही हीच, आणि सभागृहाच्या शेजारीच सातवीचा वर्ग, ज्यात त्याचं शेवटचं वर्ष अर्धं राहिलं. मी उभी राहिले आणि कागदाकडे न बघता सुरुवात केली. "पिरॅमिड कसे बांधले हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. बरोबर उत्तर माझ्या घरातच होतं. मी ते विचारलं नाही."

मग मी त्यांना भट्ट्या सांगितल्या, मोडलेली आणि नीट बसवलेली हाडं सांगितली, राजाचे दारुडे सांगितले, आणि तिथून थेट आमच्या बांधावर आले. प्रत्येक घरातला एक माणूस, दोनशे भाकऱ्या, आणि तिसरीतल्या बहिणीची शाळा वाचावी म्हणून चिखलात उतरलेला तेरा वर्षांचा भाऊ. शेवटी सगळे मागे वळून टाळ्या वाजवायला लागले तेव्हा दादूस आधी दाराबाहेर कोण आलंय ते बघायला लागला. टाळ्या आपल्यासाठी आहेत हे त्याला उशिरा कळलं.

गर्दी पांगल्यावर तो माझ्यापाशी आला. डोळे लाल होते. म्हणाला, "भाषान बरा झाला."

"खरंच?"

"हां. फकस्त येक चुकलीस. तू बोललीस, दादूस चिंबोऱ्यांच्यात व्हता. चिंबोरे ते खालचे. मी बगला. आनि मातीची शेवटची पाटी आमीच टाकली, त्यांनी नाय."

मी टेबलावरचं पेन घेतलं, त्याच्या समोर 'चिंबोरे' खोडून 'बगळे' लिहिलं, आणि कागद त्याच्या हातात दिला. "आता बरोबर आहे का बघ, दादूस," मी म्हटलं.

त्याने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला सुरुवात केली.