तेवढं कापू नका

शालनताई गेल्याचं कळलं तेव्हा मी क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात टोकन घेऊन बसलो होतो. तिथे फोन बंद ठेवायचा असतो, माझा वाजला. त्यांचा मुलगा नितीन होता. "ऐक ना, आई गेला..." एवढंच म्हणाला. लेस्टरमध्येच जन्मलेला नितीन मराठी बोलताना आईला कायम पुल्लिंगात घालायचा आणि ताई दर वेळी त्याला झापायच्या. या वेळी झापायला कोणी नव्हतं. गार्ड "सर, आउटसाइड प्लीज" म्हणत होता, माझा नंबर येऊन निघून गेला आणि मी खुर्च्यांच्या रांगेत उभा राहून मोठ्यानं "असं कसं? असं कसं?" विचारत राहिलो. व्हिसाचं पुढे झालं, त्याची रड इथे नको. त्यांच्या शोकसभेचा राग मात्र आठवडे उलटले तरी डोक्यातून उतरत नाही, म्हणून हे लिहितोय.

ताई माझ्या नात्यातल्या नव्हेत. चार-पाच वर्षांपूर्वी नोकरीसाठी नागपूरहून लेस्टरला आलो आणि बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली; गेल्या वर्षी बदली होऊन लंडनकडे, क्रॉयडनला येईपर्यंत तिथेच होतो. हॉस्पिटलातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. म्हटलं, चला, देवळासारखी शांतता. पहिल्याच संध्याकाळी खालून पुरुषांच्या आरोळ्या, आपटाआपट आणि शिव्या ऐकू आल्या. बाई संकटात आहे असं समजून मी शूरासारखा वरच्या वरच ९९९ला फोन लावला. दोन पोलीस आले. ताईंनी हातात इस्त्री घेऊनच दार उघडलं. मागे टीव्हीवर फाटक्या कपड्यांतली चार पोरं गिटारी बडवत होती.

"अहो नागपूरकर," ताई जिन्याकडे बघून म्हणाल्या, "खाली येऊन विचारायचं ना! का तुमच्याकडे आधी पोलीस बोलावतात आणि मग नाव-गाव?"

पोलिसांना चहा मिळाला. मला नाही. दुसऱ्या दिवसापासून 'अहो'चं 'अरे' झालं, नागपूरकर मात्र कायम राहिलं.

ती पोरं म्हणजे द कोल्ड टॅप्स, सत्तरच्या दशकाच्या शेवटी इथे गाजलेला पंक बँड. तीन सूर आणि राणीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांवर राग, एवढंच भांडवल. लेस्टरच्याच एका हॉलमधला त्यांचा कार्यक्रम नंतर टीव्हीवर दाखवला होता आणि ताईंनी तो व्हिडिओ टेपवर उतरवून घेतला होता. मी एकदा त्याला मैफल म्हणालो. "मैफलीत लोक बसतात," ताई म्हणाल्या. इथे बसलेलं कुणीच नव्हतं. कॅमेरा गर्दीत धक्के खात होता, काचेवर कुणाचातरी घाम उडालेला, एक बूट हवेतून जातो तो कुठे पडतो ते शेवटपर्यंत कळत नाही. तिसऱ्या गाण्यात गायक शब्द विसरतो. हात वर करून थांबवतो, ड्रमवाल्याचं लक्ष नसतं, तो आणखी दोन ठोके हाणतो आणि मग तोही थांबतो. क्षणभर सगळं गप्प. गायक हसतो, स्वतःलाच एक कचकचीत शिवी घालतो आणि म्हणतो, "अगेन. फ्रॉम द टॉप." आणि सगळा हॉल असा ओरडतो... तिथे ताईंची इस्त्री थांबायची. टेप मागे. पुन्हा.

मी हुशार. ठरवलं की ताई त्या गर्दीत असणार. कित्येक रविवार डोळे फाडून बघितलं आणि एकदा रिमोट दाबून चित्र थांबवलं. "ताई, ह्या तुम्ही!"

"त्याला मिशी आहे रे गाढवा."

मग सांगितलं. त्या कार्यक्रमाला त्या नव्हत्याच. त्या संध्याकाळी त्या कॅज्युअल्टीत ड्यूटीवर होत्या. भुवई फुटलेला एक पोरगा आला, टाके घालून घेताना सारखा हसत होता आणि म्हणत होता, सिस्टर, तो शब्द विसरला आणि आम्ही सगळे वेडे झालो. "मला कळेचना. विसरला, तर हे खूश का? अरे, वॉर्डावर माझ्या हातून थर्मामीटर पडलं तर 'तुमच्या देशात असंच करतात का' म्हणून विचारायचे. एक पेशंट म्हणाला होता, चूक न करता येत नसेल तर घरी जा. घरी म्हणजे कुठे, ते तुला कळलं ना? मी इतकी वर्षं एक चूक केली नाही रे. एकसुद्धा. दमून गेले. आणि हा बघ, एवढ्या लोकांसमोर चुकतो, हसतो, पुन्हा सुरू करतो..." कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिल्या.

नंतर त्याच कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली. चित्र स्वच्छ, आवाज धुतलेला. मी कौतुकानं वाढदिवसाला आणली. तिसरं गाणं सुरू झालं आणि न थांबता संपलं! विसरणं, हात, शिवी, ती आरोळी, सगळं कापून दोन टोकं जोडलेली. मला तर आवडलं आणि मी तसं बोललोही. ताईंनी टीव्ही बंद केला, मला कोट घालायला लावला आणि दुकानात नेलं.

"यात काय खराब आहे, मॅडम?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं.

"काहीच खराब नाही, हीच तक्रार आहे. वर 'लाइव्ह' लिहिलंय. हे लाइव्ह आहे?"

मागे रांग वाढत होती आणि मी दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखा पोस्टर वाचत होतो. डीव्हीडी त्यांनी परत घेतली नाही. ताई ती काउंटरवरच ठेवून आल्या.

आणि अशा बाईची शोकसभा! मंद बासरी, पडद्यावर फोटो. ताई गणपतीत नऊवारीवर काळं लेदर जॅकेट घालून आल्या होत्या, तो फोटो मला पाठ आहे. इथे चेहरा तेवढा ठेवून जॅकेट कापलं होतं आणि मागे समया लावल्या होत्या. लेस्टरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष (नाव सांगत नाही, दिवाळीच्या कार्यक्रमाचं तिकीट त्यांच्याकडूनच घ्यायचंय) म्हणाले, "सोज्वळ, मृदुभाषी ताईंनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही." मला फस्सकन हसू आलं. शेजारच्या काकूंना वाटलं हुंदका, त्यांनी टिश्यू दिला. मला मात्र संताप आला होता. ज्या चुका करायची चोरी होती म्हणून बाई जन्मभर दमली, त्या तिच्या नावावर मेल्यावरसुद्धा ठेवायच्या नाहीत? निदान तिचा आवाज तरी? मी उठलो आणि माइक घेतला. सगळं ठणकावून सांगणार होतो. पण मी गणपतीतला हौशी निवेदक, तोंड उघडलं आणि सवयीनं बाहेर पडलं, "आजच्या या आनंदाच्या प्रसंगी..."

हॉल थिजला. पुढचा एक शब्द आठवेना. दार कुठल्या बाजूला आहे ते शोधलं... आणि माझा हात आपोआप वर गेला. म्हणालो, "थांबा. चुकलं. पुन्हा, पहिल्यापासून." पहिल्या रांगेत नितीन मोठ्यानं हसला, अगदी आईसारखा. मग मी पोलीस, इस्त्री, भुवई फुटलेला पोरगा, वॉर्ड, सगळं सांगितलं, शिवीसकट.

चहाच्या वेळी अध्यक्ष जवळ आले. खांद्यावर हात ठेवून, खरंच प्रेमानं म्हणाले, "छान बोललात हो. रेकॉर्डिंग केलंय. तेवढं सुरुवातीचं कापून टाकू, काळजी करू नका."

"कापून तर बघा!" मी ओरडलो. पुन्हा टिश्यू आला.

टेप आणि जुना प्लेअर नितीननं सुपरमार्केटच्या पिशवीत घालून मला दिला. परवा संध्याकाळी इथे क्रॉयडनच्या फ्लॅटमध्ये लावली. तिसरं गाणं आलं, गायक अडखळला आणि चित्रच गेलं. पांढऱ्या रेघा, नुसत्या रेघा. ताईंनी तोच तुकडा मागे नेऊन नेऊन टेप नेमकी तिथेच झिजवली आहे. गायक दिसत नाही, वर गेलेला हात दिसत नाही. आवाज तेवढा येतो, "अगेन. फ्रॉम द टॉप," आणि मग ती आरोळी. मी मागे नेली. पुन्हा लावली. आवाज वाढवला. शेजारी भिंत ठोकायला लागला. बोलाव म्हणावं पोलीस. चहाचं आधण ठेवलंय.