मिरगाच्या आत अंदमान

“मिरगाच्या आत आम्हाला घरी आणून सोडा, मग कुठंबी फिरवा,” असं म्हणून दौलतभाऊंनी कॅलेंडरवर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यावर बोट ठेवलं. भाऊ विंचूरकडचे द्राक्षबागायतदार. डिसेंबरात फवारणीची औषधं घ्यायला नाशिकला आले होते आणि तसेच आमच्या ऑफिसात शिरले होते. शेजारी त्यांच्या पत्नी, इंदूताई. अंदमानचं ब्रोशर त्यांच्यापुढे उघडं होतं आणि त्या मघापासून त्यातला एकच फोटो बघत होत्या. काचेच्या तळाची बोट, काचेखाली प्रवाळ आणि रंगीत मासे.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी तेव्हा एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत बुकिंग बघत होते. लोकांना वाटतं, आमचं काम तिकिटं काढायचं. खरं तर निम्मं काम माणसाला कधी जाऊ नये हे सांगायचं असतं. अंदमानला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो. तो सीझन. पुढे पावसाळ्यात समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, हॉटेलवाले रेट पाडतात. तो ऑफ सीझन.

भाऊंचा हिशेब वेगळा होता. ऑक्टोबरात छाटणी झाली की द्राक्षं उतरेपर्यंत बाग सोडून हलायची सोय नाही. एप्रिलमध्ये पुन्हा छाटणी, तिला खरड छाटणी म्हणतात. मग नव्या फुटीची विरळणी. मेअखेर जरा उसंत, आणि पाऊस तर मिरगाला, म्हणजे मृग नक्षत्र लागल्यावर, जूनमध्ये. विंचूरपुरता हा हिशेब अगदी बरोबर होता.

“भाऊ,” मी विचारलं, “मे महिन्यात रेडिओवर पावसाची पहिली बातमी काय येते?”

“मान्सून अंदमानात आला म्हणून,” भाऊ उत्साहाने म्हणाले. मग त्यांनी कॅलेंडरवरचं बोट उचललं. इतकी वर्षं ती बातमी ऐकून हा माणूस खूश होत आला होता, आणि ज्या अंदमानात पाऊस पोचतो तेच आपल्याला बघायचंय, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. स्वतःशीच हसत ते म्हणाले की आपण तर नेमकं पावसाला भेटायलाच निघालो होतो.

पावसात हॉटेलात बसता येईल, पण लाटा उठल्या की ती काचेची बोट सोडत नाहीत, असं मी सांगितलं. इंदूताईंनी ब्रोशर मिटून ठेवलं. सहल बारगळायची ही तिसरी वेळ, हे मला भाऊंकडूनच कळलं. पहिल्यांदा गारपीट झाली, दुसऱ्यांदा सासूबाई आजारी पडल्या. आता हा पाऊस, आणि त्यात ताईंच्या गुडघ्यांनीही दगा दिला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि बोटीतली चढउतार जमेल ती याच वर्षी, असं ताईंनी मनाशी धरलं होतं.

“पुढल्या साली बघू,” भाऊ उठत म्हणाले.

तेवढ्यात आमच्या मालकांनी, अण्णांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. आलेलं गिऱ्हाईक उठताना दिसलं की अण्णा हमखास मध्ये पडायचे. “मे मागतायत ना? मग मे द्या. ऑफ सीझनला आपल्यालाही बरे पैसे सुटतात.”

“अण्णा, बाईंना ती बोट बघायचीय.”

“मग म्युझियम दाखवा. तुरुंग दाखवा.”

मी म्हटलं, तुम्हीच बाहेर येऊन त्यांना तसं सांगा. अण्णांनी काचेतून बाहेर पाहिलं. ताई पर्स काखेला लावून उभ्या होत्या. “नको,” अण्णा म्हणाले, “तुमचं तुम्हीच बघा.”

मी दोघांना पुन्हा बसवलं, चहा सांगितला आणि भाऊंना म्हटलं, बागेचं वर्ष मला महिन्यावारी सांगा. माणूस एकदम खुलला. घडातले मणी कमी करायचं थिनिंग, घड औषधात बुडवायचं डिपिंग, पाण्याच्या पाळ्या, सगळं रंगवून सांगितलं. द्राक्षं उतरली, आणि तिथून ते थेट खरड छाटणीवर आले.

“मधला इसावा राहिला की सांगायचा,” इंदूताई पहिल्यांदाच बोलल्या.

मला समजावं म्हणून त्यांनीच सांगितलं. द्राक्षं उतरली की वेल थकलेली असते. लगेच छाटत नाहीत, दोनतीन आठवडे तशीच राहू देतात. मार्चची अखेर, एप्रिलची सुरुवात. भाऊ म्हणाले, वेलीला विसावा असला तरी माणसाला नसतो. तेव्हा चाऱ्या खणून खत भरायचं असतं, मांडवाच्या तारा ओढायच्या असतात.

“ते भाऊजी बघतील,” ताई दिराबद्दल म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. “येल दमली म्हणून तिला दरसाल इसावा देता तुम्ही. मी बी त्याच बागंत हाय.”

मी कॅलेंडरचं पान मार्चवर आणलं. भाऊ कॅलेंडरकडेच बघत राहिले.

आमच्या धंद्यात त्या दिवसांना शोल्डर सीझन म्हणतात. सीझनचं शेपूट. मुलांच्या परीक्षा असतात म्हणून गर्दी ओसरते, रेट उतरतो, समुद्र मात्र अजून शांत असतो. मी हे सांगितल्यावर भाऊंनी उकाड्याचं विचारलं. उकाडा असेल, घाम निघेल, पण बोट चालू असेल, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी त्याच दुपारी चेन्नईहून पुढची विमानाची तिकिटं करायला टाकली.

मार्चच्या मध्यावर भाऊंचा फोन आला. एक प्लॉट उतरायचा राहिलाय, तारीख मेमध्ये सरकवता येईल का. मी म्हटलं, सरकवते, फक्त एकदा ताईंना फोन द्या. “ऱ्हाऊ द्या, हाय तीच तारीख,” भाऊ म्हणाले, आणि फोन ठेवला.

एप्रिलमध्ये दोघं ऑफिसात आली, उन्हानं चांगलीच रापलेली. भाऊंची तक्रार अशी की तिकडे बाजरीची भाकरी कुठेच मिळाली नाही. बोटीचं विचारल्यावर मात्र त्यांनी ताईंकडे पाहिलं.

“इतकं नितळ, पाणी हाय का नाय तेच कळंना,” ताई म्हणाल्या. चक्कर संपली तेव्हा बोटवाला उतरा म्हणाला, पण त्यांच्याने उठवेना. गुडघे दुखत होते म्हणून नव्हे, डोळे निघेनात म्हणून. भाऊंनी खिशात हात घातला आणि बोटवाल्याला पुन्हा एक चक्कर मारायला सांगितली.

“मी मागितली नव्हती,” ताई म्हणाल्या. “ह्यांनीच सांगितली.” हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

पुढच्या वर्षी त्या भागातून मार्चअखेरच्या बऱ्याच चौकशा आल्या, आणि फोनवर बहुतेक बायकाच असायच्या. अण्णांनी लगेच त्या दिवसांचं वेगळं ब्रोशर छापून घेतलं, आणि कल्पना आपलीच असल्याचं ते सगळ्यांना सांगत राहिले. बेटावर जायचा उत्तम सीझन कोणता, असं कोणी विचारलं, की मी हवामानाचा तक्ता लगेच काढत नाही. आधी विचारते, तुमच्या घरात सगळ्यात जास्त दमलंय कोण?