दुसऱ्या नंबरचा चेहरा

गंगापूर रोडला ज्या घरी मी स्वयंपाक करते, तिथल्या ताईने दोन वर्षं खपून मोबाईलवरचा एक खेळ बनवला. तो चालला नाही. का चालला नाही याची कारणं तिच्या मित्रमैत्रिणींनी फोनवर पुष्कळ सांगितली, अर्धी इंग्रजीत. त्यातलं एक कारण मी आहे, हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

ताई म्हणजे मॅडमची एकुलती एक मुलगी. मॅडम शाळेतून रिटायर झालेल्या, साहेब अजून ऑफिसला जातात. मी त्या घरी लागले तेव्हा ताई कॉलेजात होती. तोंडावर मी तिला अहोजाहो करते, लिहिताना मात्र ते जमत नाही. पुण्याची चांगली नोकरी सोडून ती घरी आली आणि वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायला लागली. साहेबांनी तिला दोन वर्षं दिली होती. "दोन वर्षांत तुझा खेळ चालला तर आम्ही काही बोलणार नाही. नाही चालला तर परत नोकरी, आणि मी आणलेलं स्थळ बघायचं. तेव्हा तू बोलायचं नाहीस," असं जेवताना ठरलं. मी पोळ्या वाढत होते. ताई "चालेल" म्हणाली, आणि तोंडातला घास तिने किती तरी वेळ नुसता चावला.

खेळ द्राक्षबागेचा होता. एक दिवस ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली.

"मावशी, तुम्ही लहानपणी बागेत कामाला जायचात ना?"

"जायचे."

"मग मला सांगा. माझ्या खेळातली बाई वर्षातून एकदा छाटणी करते."

"दोनदा करतात, ताई. एक एप्रिलात, एक ऑक्टोबरात. एकदाच केली तर घड कुठून येतील?"

ती हसली आणि वही घेऊन आली. त्या दिवशी भाजी गॅसवर करपेपर्यंत मी बोलत होते. एवढं मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन. माझं माहेर निफाडकडचं. चौथीनंतरची शाळा पुढच्या गावाला होती आणि बागेत थिनिंगला लहान हात लागायचे. थिनिंग म्हणजे घडात मणी दाटीने येतात, त्यातले मधले मणी बारीक कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेले फुगतात. कात्री कशी धरायची, टोक दुसऱ्या मण्याला लागू द्यायचं नाही, देठ किती ठेवायचा, सगळं मी तिला सांगितलं. चमच्याने करून दाखवलं. ती भराभर लिहून घेत होती. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की मी सांगण्यासारखं तेवढंच सांगत गेले. वेलींच्या मांडवाखाली दिवसभर मान वर करून उभं राहिलं की संध्याकाळी भाकरीकडे बघायला मान खाली येत नाही, पानावरची औषधाची भुकटी डोळ्यांत पडते, मागे राहिलेल्या ओळीवरून मुकादम काय काय बोलतो, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

काही महिन्यांनी तिने मला खेळ दाखवला. फार सुंदर काढला होता. मांडव, त्यातून येणारं ऊन, खाली डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई. बोट फिरवलं की बाई चालायची. घडावर बोट टेकवलं की मणी गळायचा आणि टिंग असा आवाज यायचा. भराभर मणी काढले की चांदण्या उडायच्या. हळू केलं की वरची वेळेची पट्टी लाल व्हायची.

मी खेळले. माझी मान दुखायला लागली. फोन तर मांडीवर होता, मान खालीच होती, तरी दुखली.

ताईने एक कागद बनवला होता. त्यावर पाच चेहरे होते. पहिला दात काढून हसणारा, दुसरा नुसता हसरा, तिसरा सरळ तोंडाचा, चौथा पडलेला, पाचवा रडका. "मावशी, मजा आली का? जे वाटलं त्यावर बोट ठेवा. खरं सांगायचं हं."

मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. पहिल्यावर ठेवलं असतं तर खोटं दिसलं असतं, आणि तिसऱ्यावर ठेवलं असतं तर तिला लागलं असतं. आमच्यात कुणाच्या घरी जेवायला गेलं आणि बाईने विचारलं, भाजी कशी झालीय, तर कशीही असली तरी छान म्हणतात आणि अजून थोडी घेतात. मला वाटलं, हे विचारणं तसंच आहे.

मग रोजच सुरू झालं. पोळ्या झाल्या की ताई फोन घेऊन खाली यायची. दीड-दोन महिने मी रोज खेळले आणि रोज दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. भांडीवाली मला टोमणे मारायची, "तुमचं बरं आहे बाई. आम्ही कढया घासायच्या, तुम्ही गेम खेळायची." मॅडम म्हणायच्या, "अगं, त्यांना संध्याकाळची कणीक तरी मळू दे. तुझ्या द्राक्षांनी रात्री पोट भरणार नाहीये आपलं." ताई ऐकायची नाही. भांडीवालीलाही तिने दोनदा कागद दिला. तिने पहिल्यावर बोट ठेवलं आणि वर म्हणाली, "लय भारी हाय ताई, माझ्या जावेला पण टाकून द्या."

एकदा ताईने माझ्या हातात माझा फोन बघितला. हा फोन माझ्या मालकांचा. त्यांना मूत्रपिंडाचा आजार होता. सिव्हिलला पडून असायचे तेव्हा ते फुगे फोडायचा एक खेळ खेळायचे. एका रंगाचे तीन फुगे जुळले की फुटतात, बाकी त्यात काही नाही. ते गेल्यावर फोन माझ्याकडे आला आणि खेळही त्यातच राहिला. बस येईपर्यंत मी तो खेळत असते.

"यात एवढं काय आहे मावशी? मी बघते, तुम्ही सारख्या हाच खेळता."

"काही नाही हो."

"मजा येते?"

"नाही."

हे मात्र माझ्या तोंडून खरं निघून गेलं, कारण तो खेळ तिने केलेला नव्हता.

"मग खेळता कशाला?"

मी लाजून पदराने फोन पुसला. मला म्हणायचं होतं की फुगे जुळवताना दुसरं काही आठवत नाही. सिव्हिलचा जिना आठवत नाही, शेवटच्या आठवड्यात त्यांना माझं नाव आठवत नव्हतं ते आठवत नाही. मजा येत नाही, पण उठवतही नाही. माणूस खेळतो तो मजेसाठीच, असं ताईला वाटायचं. तिच्या सगळ्या वह्यांत तो शब्द होता. मी म्हटलं, "वेळ जातो." तिने ते लिहून घेतलं नाही.

आता झाडाचं सांगते.

खेळात बागेच्या कडेला एक आंब्याचं झाड होतं. ते नुसतं शोभेला होतं. एकदा बोट सरकलं आणि बाई त्या झाडाखाली गेली, तर तिथे ती आपोआप खाली बसली. पाय पसरून, हात मांडीवर ठेवून. तिच्या तोंडावर पानांची सावली हलत होती. ताईने ती इतकी हळू हलवली होती की बघत राहावं. वर पट्टी लाल होत होती, घड तसेच राहत होते, आणि ही बाई बसली होती. मांडवातून बाहेर येऊन मला असं कधी कुणी बसू दिलं नव्हतं. मी तिला उठवलं नाही. पट्टी संपली, खेळ हरले, परत सुरू केला आणि परत तिला तिथेच नेऊन बसवलं. पाच-सहा दिवस मी तेवढंच करत होते. पोळ्या लाटताना मला वाटायचं, आता ताई येईल, आता बाईला बसवता येईल. तीच मजा असावी. मला तेव्हा तो शब्द सुचला नाही.

एक दिवस ताई माझ्या मागे उभी राहून बघत होती, मला कळलं नाही.

"मावशी, तुम्ही तिला तिथे का बसवून ठेवता?"

काम चुकवताना पकडल्यासारखं मला झालं. मी पटकन बाईला उठवलं.

"चुकून गेली ती, ताई. बोट सरकतं माझं."

"आणि मग तिथे अडकते का ती?"

"हो, अडकते."

"अरे देवा. बरं झालं सांगितलंत." तिने वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी झाड होतं, पण त्याच्याभोवती काटेरी कुंपण आलं होतं. बाई तिथे जाईना. पुढच्या आठवड्यात झाडच गेलं आणि तिथे मांडवाच्या आणखी दोन ओळी आल्या.

त्याच सुमारास तिने विचारलं, "मावशी, सगळ्यात जास्त मजा कशात येते तेवढं सांगा. शेवटचं. मला आता ठरवायला हवं." तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. दोन वर्षं संपत आली होती. काहीतरी सांगायलाच हवं होतं. जे मीच तिला शिकवलं होतं तेच माझ्या तोंडावर आलं. "थिनिंगमध्ये," मी म्हटलं.

तिने माझा हात धरला. "मलाही तेच वाटत होतं." मग तिने थिनिंग वाढवलं. पहिल्यापेक्षा दुप्पट घड, बारीक मणी, जोराची टिंग.

जानेवारीत खेळ सगळ्यांसाठी खुला झाला. त्या दिवशी मॅडमनी मला शिरा करायला सांगितला. पहिले दोन-तीन दिवस ताई सारखी फोन बघून हसत होती. मग हसणं थांबलं. मग ती जेवायला खाली येईना. मी ताट वर नेऊन ठेवायचे आणि संध्याकाळी तसंच्या तसं खाली आणायचे. आमटीवर पापुद्रा धरलेला असायचा.

माझ्या कामात विचारायचं नसतं, बघायचं असतं. साहेब रोज म्हणतात, छान झालंय, आणि कारलं ताटाच्या कडेला तसंच असतं. मी कारलं करणं कमी केलं, त्यांना न विचारता. एवढं मला येत होतं. ताईने विचारलं तेव्हा मी हे तिला सांगू शकले असते, की मला विचारू नका, माझ्या बोटाकडे बघा, ते कुठे जातं ते बघा. खरं तर तिने बघितलं होतं. मीच तिला चुकलं म्हणून सांगितलं.

मार्चमध्ये एका दुपारी ती स्वतःहून खाली आली. केस विंचरलेले नव्हते. तिने कॉम्प्युटर ओट्यावर ठेवला आणि एक रेघ दाखवली. रेघ वरून सुरू होऊन एकदम खाली पडत होती.

"हे बघा मावशी. लोक खेळ उघडतात, चालतात, ऊन बघतात. आणि इथे सगळे उठून जातात. माहितीये इथे काय आहे?"

मला माहीत होतं.

"थिनिंग," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मावशी, आता सगळं झालंय. आता तरी खरं सांगा. तुम्हाला मजा येत होती का?"

कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद केला. मग म्हटलं, "नाही."

"एकदाही नाही?"

तेव्हा मी झाडाचं सांगितलं. अडकत नव्हती, मीच बसवत होते, हे सांगितलं. सांगताना मी कणकेकडे बघत होते.

मग तिने कॉम्प्युटरवर काहीतरी जुनं शोधलं, आणि झाड आलं. बाई त्याच्याखाली जाऊन बसली. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून बघत होतो. सावली हलत होती. मला वाटलं, ताई आता काहीतरी म्हणेल, हे परत घालू म्हणेल. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि पुढे?"

"पुढे काही नाही. बसायचं."

"याला कोण खेळ म्हणेल मावशी?"

तिने कॉम्प्युटरचं झाकण मिटलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही एवढ्या प्रेमाने विचारत होतात ताई. कसं सांगणार?"

"प्रेमाने नव्हते विचारत," ती म्हणाली. "घाबरून विचारत होते."

ती वर गेली. त्या रात्री साहेबांनी कुणाला तरी फोन केल्याचं मॅडमनी मला नंतर सांगितलं. एप्रिलात ताईला बंगलोरला नोकरी लागली. साहेबांनी बघितलेला मुलगा तिथलाच आहे, तोही कॉम्प्युटरवालाच. मॅडम म्हणतात, चांगला आहे, निर्व्यसनी आहे. ताई आधी ठरल्याप्रमाणे काही बोलली नाही.

ती निघाली त्या दिवशी मी मुद्दाम लवकरची बस धरली. वाटेत तिच्यासाठी केलेल्या दशम्या कागदात नीट बांधलेल्या आहेत ना ते दोनदा बघितलं. पोचले तर गाडी गेली होती. मॅडम दारातलं पाणी झाडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलात? आजपासून पोळ्या सहाच करा."