बिनबैलाचा छकडा

माझ्या अंगणात ती जीप आणून ठेवली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. घुग्घुसच्या खदानीतल्या क्वार्टरांची ती ओळ. आमचं दार शेवटचं, म्हणून आमच्यापुढं जागा जरा जास्त, एवढंच कारण. सकाळच्या पाळीचा डबा करून, धुणं वाळत घालून मी जरा कुठं टेकले होते, तर एक ट्रक मागं मागं सरकत दाराशी आला. चौघा जणांनी फळ्या लावून ते धूड खाली उतरवलं, आणि माझं धुणं पुन्हा काळं झालं.

"हे काय आणलंत?" मी विचारलं.

"पटाची गाडी हाय, वैनी," शेजारचा ट्रकवाला म्हणाला. "आता नाई दिसत तशी. होईन."

स्वातंत्र्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. लढाई संपल्यावर लष्करानं विकून टाकलेल्या जीपा आमच्या मुलखात बऱ्याच आल्या होत्या. लाकडाचे ठेकेदार त्या जंगलात फिरवत. ही त्यातलीच, नाल्यात कोसळून नाक फुटलेली, मालकानं नाद सोडलेली. मूल गावाकडच्या एका खेड्यात दरवर्षी धान कापून झालं की शंकरपट भरायचा. हलक्या छकड्याला बैलजोडी जुंपून मोकळ्या शेतातून सोडायची, आणि ते पाहायला सगळी पंचक्रोशी लोटायची. त्या वर्षी पटाच्या शेवटच्या दिवशी मोटारीही पळवायच्या असं तिथल्या मंडळींनी ठरवलं. ट्रकवाल्याच्या कानावर हे आलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. वर्कशॉपमधला एक फिटर, सिरोंच्याकडचा, घरी तेलुगू बोलणारा, तो सामील झाला. खदानीतलं पाणी उपसणाऱ्या पंपावरचे दोघं आले. कुणाला काही मिळणार नव्हतं. पाळीवर हाडं मोडून घेतल्यावर हे लोक माझ्या अंगणात पुन्हा हाडं मोडायला बसत आणि त्याला हौस म्हणत. चहा मात्र मी करायचा.

मी तेव्हाच दमलेली होते. आज म्हातारपणी दमणं समजण्यासारखं आहे, पण तेव्हा मी विशीतली होते. दमायला काम कारण नव्हतं. कारण घरात खाटेवर बसलेलं होतं.

आमचे हे त्या भागातले नावाजलेले धुरकरी, म्हणजे पटात छकड्यावर बसून जोडी हाकणारे. यांची पांढरी जोडी सुटली की लोक डोक्यावरचे रुमाल हवेत उडवायचे. मग गावात बुळकांडीची साथ आली आणि दोन्ही बैल पाठोपाठ गेले. बैल नाहीत तर शेती कशी करणार? आम्ही बिऱ्हाड उचलून खदानीत आलो. हे कोळशाचे डबे ढकलू लागले आणि बोलायचे थांबले. अगदी मुके झाले असं नव्हे. "हो", "नाई", "असू दे" एवढं यायचं. पण स्वतःहून एक शब्द नाही. भाजीत मीठ टाकायचं मी मुद्दाम विसरून पाहिलं. भांडून पाहिलं, रडून पाहिलं, माहेरी जाऊन राहून पाहिलं. परत आले तर हे त्याच खाटेवर, त्याच भिंतीकडं तोंड करून. घरात माणूस असून एकटीनं राहायचं, याच्यासारखा शीण दुसरा नाही. या माणसानं एकदा तोंड उघडावं, बाकी देवानं काही नाही दिलं तरी चालेल, अशा थराला मी आले होते.

खदान मला आवडली होती, हेही सांगून टाकते. ओळीच्या टोकाशी नळ, पायाखाली सिमेंट, पहाटे उठून गोठ्यात जाणं नाही. बैल गेले याचं मला दुःख झालं होतं, पण यांच्याइतकं नाही. त्यासाठी मी कुणाची माफी मागणार नाही.

छकडा हलका आहे का, हे पाहायची पटवाल्यांची एक रीत होती. बैल सोडलेल्या छकड्याचं जू एका हातानं उचलायचं. आमच्या अंगणात जमणारे बहुतेक जण आधी शेतकरी, मग कामगार. त्यामुळं रोज संध्याकाळी घरी जायच्या आधी प्रत्येक जण जीपचं तोंड धरून उचलून पाहायचा. जीप जागची हलायची नाही, पण रीत ती रीत. मलाही एकदा बोलावलं, "वैनी, तुमी पाहा." मी म्हटलं, "मी तुमच्या चहाचा भरलेला गंज उचलते ना रोज, तेवढं पुरे."

हे पाळीवरून आले की जीपला वळसा घालून सरळ आत जायचे. एका संध्याकाळी मात्र थांबले. काळ्या हातांनी जीपचं तोंड धरलं, गुडघे वाकवले, जोर लावला आणि सोडून दिलं.

"धुरजड हाय," हे म्हणाले.

धुरजड म्हणजे भार पुढं आलेली गाडी. जू बैलांच्या मानेवर दाबून बसतं आणि जोडी पळत नाही. ट्रकवाल्याच्या हातातला पाना तसाच हवेत राहिला. मी चुलीपुढून उठून दारात आले. इतक्या दिवसांनी न विचारता आलेला शब्द, आणि तोही मला नाही, लोखंडाला! तरी माझे डोळे भरून आले.

"मंग काय करावं, भाऊ?" ट्रकवाल्यानं हळूच विचारलं.

"हलकी करा," हे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मग काय, सगळे हलकी करायच्या मागं लागले. पुढची काच गेली, इंजिनावरचं झाकण गेलं, मागची बाकं गेली, जादाचं चाक गेलं. हे रोज पाळीवरून येऊन तोंड उचलून पाहायचे आणि रोज दोन शब्द जास्त बोलायचे. "आता बरी हाय." "अजून दाबून राह्यली." एकदा हे गाडीखाली निजून बघत होते, तेव्हा यांना तिथं एक जाड लोखंडी दांडा दिसला.

"हा कायले पायजे?" हे म्हणाले. "जोर तं मागच्या चाकाले हाय. पुढची चाकं नुसती वळाले. काढा याले."

त्या संध्याकाळी फिटर चहाचं भांडं परत द्यायच्या निमित्तानं माझ्या चुलीपाशी आला.

"अक्का, तो दांडा पुढच्या चाकाले ताकद देते. काढला तर गाडी चिखलात बसते."

"मग त्यांना सांगा तसं."

"कैसा सांगू? आता कुठी बोलाले लागले ते."

मी चुलीत लाकूड सारलं. "काढा," मी म्हणाले. "बसली तर बसली."

ट्रकवाल्यालाही ते कळत होतं. पंपावरच्या दोघांनाही कळत होतं. एक यांना सोडून सगळ्यांनाच कळत होतं, आणि तरी सगळ्यांनी मिळून तो दांडा काढला. शहाण्या माणसांनी जाणूनबुजून केलेली अशी चूक मी पुन्हा पाहिली नाही. धान कापल्यावर जमीन खणखणीत होते, चिखल येणार कुठून, अशी सगळ्यांनी आपली समजूत घालून घेतली.

गाडी यांनीच हाकायची हे न बोलता ठरलं होतं. ट्रकवाला यांना कोळशाच्या आवारात घेऊन जायचा आणि शिकवायचा. चालवायला हे पटकन शिकले, थांबवायला नाही. थांबायची वेळ आली की पाय दाबायच्या ऐवजी हे "हो... हो..." म्हणायचे आणि जीप ढिगात तोंड घालायची. ओळीतल्या बायका तिला बिनबैलाचा छकडा म्हणू लागल्या. त्या हसायच्या, मीही हसायची, आणि मग रात्रीचा स्वयंपाक, दुसऱ्या दिवशीची पाळी, यांचे तेलानं माखलेले कपडे. घरात आता जरा आवाज होता, पण तो गाडीबद्दलच. माझ्याबद्दल अजून काही नव्हतं. मी वाट पाहत होते, आणि वाट पाहूनच जास्त थकत होते.

पटाच्या दिवशी जीप ट्रकवर चढवून आम्ही निघालो. मी पोळ्या आणि वांग्याची भाजी फडक्यात बांधून घेतली होती. चांदा मागं टाकून मूलच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही सगळे धुळीनं सारखेच दिसू लागलो. गाव जवळ आलं तसे हे ट्रकमध्ये उभे राहिले आणि लांबून येणारा माणसांचा कल्ला ऐकत राहिले.

बैलांचा पट आदल्या दिवशी संपला होता. मोटारींसाठी वेगळी वाट आखली होती. कापलेल्या धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, बांध ओलांडत, तलावाच्या मातीच्या उंच पाळीखालून वळून परत. आमची धरून चार वाहनं, बाकी तिन्ही ठेकेदारांच्या जीपा, अंगावर सगळा साज असलेल्या. आमच्या जीपचा नुसता सांगाडा. लोक बोटं दाखवून हसले. पण सुटल्यावर हसू थांबलं. हलकी गाडी बांधांवरून उड्या मारत पुढं निघाली. हे अर्धे उभे राहून ओरडत होते, जोडीला ओरडायचे तसं. मी तलावाच्या पाळीवरच्या गर्दीत होते. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "हा तं आपला धुरकरी व्हय ना वो?" मी मान हलवली. हे जिंकले, असं मला वाटून गेलं.

तलावाच्या पाळीखाली पाझर होता. बैलांच्या पटाची वाट कधी तिकडून जात नसे, म्हणून तो यांच्याही ध्यानात आला नाही. वरून जमीन कोरडी दिसत होती. गाडी तिथं पोचली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. चिखल उडाला, गाडी खाली खाली बसत गेली. बाकीच्या तिन्ही जीपा पुढच्या चाकांनी चिखल ओरबाडत, धडपडत का होईना, बाजूनं निघून गेल्या.

"बैल जुंपा रे, बैल!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळी पाळ हसली.

मला लाज नाही वाटली. भीती वाटली. आता हा माणूस पुन्हा मिटणार, आणि या वेळी कायमचा. हे स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून होते. तोंड मला दिसत नव्हतं.

थट्टेनं म्हटलेलं लोकांनी खरंच केलं. आदल्या दिवशी पटात पळालेली एक जोडी गावातल्या एका शेतकऱ्यानं आणली आणि दोरानं जीपला जोडली. पटाचे बैल ते, त्यांना ओझं ओढायची सवय नाही. इंजिनाचा धूर नाकात गेला तशी जोडी बुजली, मागं फिरली. मालकानं काठी उगारली.

"मारू नको!"

तो आवाज पार पाळीवर ऐकू आला. हे गाडीतून उतरले, पोटऱ्यांपर्यंत चिखलात शिरले आणि दोन्ही बैलांच्या मधे जाऊन उभे राहिले. एकाच्या मानेखाली खाजवलं, दुसऱ्याच्या कपाळाला कपाळ लावलं. यांचे ओठ हलत होते. बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. काय बोलत होते ते मला कळलं नाही. एवढं बोलणं यांच्यात शिल्लक होतं आणि मला त्यातलं एक वाक्य मिळालं नव्हतं, या विचारानं मी पाळीवर उभ्या उभ्या जळले. मग यांनी कासरा हातात घेतला, जोडीनं माना खाली घातल्या आणि जीप चिखलातून सुटून आली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. यांनी जीपकडं वळून पाहिलं नाही. बैल शांत होईपर्यंत हे त्यांच्या पाठीवर हात फिरवत बांधाबांधानं चालत राहिले.

उन्हं उतरली, जीप ट्रकवर चढली, तरी यांचा पत्ता नव्हता. आले ते त्या जोडीच्या मालकाबरोबर.

"मी नाई येत," हे ट्रकवाल्याला म्हणाले. "या भाऊले जोडी सांभाळाले माणूस पायजे. मी इथीच राह्यतो."

ट्रकवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. फिटर मात्र पुढं झाला, त्यानं यांचे दोन्ही खांदे धरले आणि हसत सुटला. पंपावरचे दोघंही हसले. त्यांची गाडी सगळ्यांत मागं राहिली होती, आणि चौघांची तोंडं जिंकल्यासारखी फुलली होती.

मी नव्हते हसले. मी ट्रकच्या सावलीत बसून शब्द जुळवत होते. दुसऱ्याचे बैल, दुसऱ्याचा गोठा, आणि त्यासाठी माझं घर मोडायचं? मला विचारलं का? मी येणार नाही, तुम्ही राहा तुमच्या जोडीजवळ. सगळं ओठांवर तयार होतं. हे माझ्याकडं आले, समोर उकिडवे बसले. अंगाला चिखलाचा आणि बैलांचा वास येत होता.

"अवं," हे म्हणाले, "तू जेवली का?"

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

"नाई," मी म्हणाले, आणि पुढचे शब्द काही केल्या सापडेनात.

यांनी फडकं सोडलं, पोळीवर भाजी घालून माझ्या हातात दिली. "मंग जेव आधी. यावं का नाई ते नंतर सांग. तू म्हणशीन तसं."

मी जेवले. हे बघत बसले. जेवून झाल्यावर मी ट्रकवाल्याला सांगितलं की परवा बिऱ्हाड आणायला मदत लागेल.

त्या गावी आम्ही उरलेलं आयुष्य काढलं. हे शेवटपर्यंत बोलत राहिले, दिवसभर, भरभरून, बहुतेक वेळ बैलांशीच. माझ्या वाट्याला रोज संध्याकाळी एकदा "जेवली का?" एवढं यायचं, आणि तेवढ्यावर मी जन्म काढला.